खुराक तोडायचा नाही

आमचे हे सोलापुरात गिरणीत कामाला होते, पण विचाराल तर सांगायचे पैलवान. गिरणी नुसती पोटापुरती. लग्न होऊन आले तेव्हा यांचा दंड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावत नसे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार तोरा होता. रोज पहाटे बदाम, खसखस, खडीसाखर पाट्यावर वाटून थंडाई करायची, जेवताना वाटीभर तूप वाढायचं, हे माझं काम. तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांनी मला बजावून ठेवलं होतं, "पोरी, कुस्ती सुटली तरी खुराक तोडायचा न्हाय. तोडला की अंग उतरतं."

पुढे गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. जोर-बैठकाही गेल्या. खुराक मात्र मी एक दिवस चुकवला नाही.

दोन-तीन वर्षांनी अंग उतरायला लागलंच. घागरभर पाणी प्यायचे, सारखे मोरीत जायचे. मोरीत मुंग्यांची रांग लागायची. डब्यातली साखर सांडत असेल म्हणून मी स्वतःलाच शिव्या देत झाडू मारायची. मांड्या वाळल्या, सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. वस्ताद बघायला आले आणि मलाच म्हणाले, "खुराक कमी पडतुया." मी तूप वाढवलं.

शेवटी यांना टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासून ते म्हणाले, "मधुमेह आहे. बाई, यांनी खाल्लेली साखर रक्तातच फिरते, स्नायूंत शिरत नाही. म्हणून माणूस खातो आणि दंड उपाशी राहतात. साखर, गूळ बंद. तूपही बंद, ते अशा अंगात नीट जळत नाही, त्याचं विष होतं. टोचायचं औषध मुंबईहून मागवतो. ते येईपर्यंत सांभाळा."

साखर मी बंद केली. पण तूप? दंड उपाशी आहेत म्हणता आणि तूप देऊ नका म्हणता! मला ते पटेना. पुस्तकं वाचलेल्या माणसाला पैलवानाच्या अंगातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. रोज यांच्या आमटीत पळीभर तूप घालून घोटायची, वर तवंग दिसू नये म्हणून.

सातव्या-आठव्या दिवशी सकाळी उठवायला वाकले, तर यांच्या श्वासाला पिकलेल्या फळाचा वास. माझं डोकंच फिरलं. "अवं, डॉक्टरनं एवढं सांगितलंया, आन् कुणाकडं केळी खाऊन आलात?"

डोळेसुद्धा नीट उघडले नाहीत त्यांनी. म्हणाले, "न्हाय गं. तुज्याच हातचं खातुय की."

त्यानंतर बोलले नाहीत. तिसऱ्या प्रहरी गेले.

टोचायचं औषध दोन दिवसांनी आलं. तो वास केळ्याचा नव्हता, साखर अंगाला लागत नसताना चरबी अर्धवट जळाली की तसा येतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. "तूप दिलं नव्हतंत ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

वस्ताद भेटायला आले. दारातच बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "पोरी, खुराक कमी पडला."

मी म्हटलं, "व्हय."