मास्क काढल्यावर

मंगळवारी दुपारी ऑफिसात शैलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, संपलं," एवढंच त्या म्हणाल्या... काय संपलं, ते मी विचारलं नाही. शॉमबर्गमधला माझा बावीस वर्षांपासूनचा मित्र प्रभाकर गेला, त्याला आता सहा आठवडे झाले.

प्रभाकर मूळचा अमरावतीचा, इथे अमेरिकेत पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. सिगरेटनं फुप्फुसं गेली आणि त्यांच्यामागोमाग हृदयही थकलं. हिवाळ्यात आम्ही दोघं मॉलमध्ये चालायला जायचो. दर चार दुकानांनंतर तो थांबायचा आणि काचेमागचे बायकांचे शूज निरखत बसायचा. दम लागलाय असं कधी म्हणायचा नाही. मग मीही शेजारी उभा राहून शूज बघायचो.

एका हॉस्पिटलात अशा पेशंटांवर एक प्रयोग चालू असल्याचं माझ्या डॉक्टर मेहुण्यानं सांगितलं. नाकातोंडावर मास्क लावायचा, श्वास घ्यायला लागलं की मशीन आत हवा ढकलतं, आणि तसंच ट्रेडमिलवर चालायचं. प्रभाकरची इच्छा नव्हती. मीच हट्टानं फॉर्म आणले, त्याला नेलं. पहिल्या दिवशी मास्कशिवाय तीन मिनिटांतच त्यानं दांडीवर अंग टाकलं. विश्रांतीनंतर मास्क लावून चालला, तो तेरा मिनिटं. कॅरोल नावाची थेरपिस्ट त्याला थांबायला सांगत होती आणि हा हातानंच 'अजून' म्हणत होता. परतताना गाडीत तो पोटऱ्या चोळत होता. मग म्हणाला, "पाय दुखतायत रे. किती वर्षांनी दमाच्या आधी पाय दुखले."

पुढचे आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मी त्याला ड्राइव्ह करून नेत होतो. उन्हाळ्यात तळ्याभोवती पूर्ण फेरी मारू, असं त्यानं वहिनींना कबूल केलं. त्यांनी त्यासाठी नवे कॅनव्हासचे बूट आणले. आणि प्रयोग संपला. चालण्यासाठी तसं मशीन घरी मिळावं म्हणून अर्ज केला, तर झोपेत वापरायला देता येईल, व्यायामासाठी नाही, असं इन्शुरन्सवाल्यांनी कळवलं. मशीननं चालणं कसं जमतं याच्या प्रभाकरनं स्वतः आकृत्या काढून दोनदा फॅक्स केले. दोन्ही वेळा नकार आला. नंतर आम्ही मॉलमध्ये गेलो, तेव्हा तो पहिल्याच बाकावर बसला.

"वसंता, मला तिथे न्यायला नको होतंस," तो श्वास गोळा करत म्हणाला. "चालणं कसं असतं ते मी विसरलो होतो. तेच बरं होतं."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. तू त्याच्यासाठी किती केलंस, असं इथली मंडळी मला सांगतात, तेव्हा मला त्याचं हेच वाक्य ऐकू येतं... त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. त्यानंतर तो मॉलमध्ये कधीच आला नाही. फोनवर बोलायचा, पण वाक्य अर्ध्यावर तुटायचं, आणि पुढचं मी अंदाजानं समजून घ्यायचो.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. जिन्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची आहे. वर झोपायला जाताना प्रभाकर तिथे दहा-दहा मिनिटं बसायचा. या थंडीत तेवढंही जमेना, तेव्हा पलंग खाली आणला. वहिनींनी खुर्ची हलवलेली नाही, त्या अंग चोरून बाजूनं जातात. त्या चहा करत होत्या तेव्हा मी जाऊन त्या खुर्चीवर बसलो. तिथून बेडरूमचं उघडं दार दिसतं. मध्ये फक्त सात पायऱ्या आहेत.