पद्माताईंचे त्र्याऐंशी गुण

इकडे उत्तरेत, जानकीपुरममधल्या आमच्या शेजारच्या पद्माताईंनी तीन वर्षांपूर्वी गाडी फाटकाला घासली आणि त्यांचं गाडी चालवणं संपलं. त्यांचे यजमान सत्यजितराव औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, हे जन्मभर इतरांना शिकवलं. घरी मात्र एक ओरखडा पुरला.

मग इंटरनेटवाली नवी गाडी आली. गाडी कुठे गेली, किती थांबली, ब्रेक किती जोरात मारला, सगळं सत्यजितरावांच्या मोबाइलवर येई, शंभरपैकी गुणांसकट. ते स्वतः जात संस्थेच्या बसने, गाडी दिवसभर दारात. दुसरी किल्ली कुठे ठेवली ते विसरले होते. पद्माताई विसरल्या नव्हत्या.

रविवारी तेवढी ते चालवत, तेव्हाचे गुण चौपन्न. जानेवारीत त्या चौपन्नाचे त्र्याऐंशी झाले. सत्यजितरावांनी लगेच संस्थेच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, खाली तरुणांना चार उपदेश. तेवढ्यात एकाने विचारलं, "सर, आप तो रोज़ बस से आते हैं, चलाते कब हैं?" तेव्हा कुठे त्यांनी गाडीच्या ॲपमधला नकाशा उघडला.

संध्याकाळी त्यांनी मोबाइल पद्माताईंसमोर ठेवला. मी तिथेच मटार सोलत होते. उठायला हवं होतं, उठले नाही. नकाशावर एका दुपारी जानकीपुरम ते अलीगंज अकरा घरं, प्रत्येक घरी दहा मिनिटं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाशिवाय असं कोण फिरतं? त्या दुपारी गाडीत वाणाची पिशवी तर माझ्याच मांडीवर होती.

"किल्ली दे," सत्यजितराव म्हणाले.

"देते. पण मग ग्रुपवर लिहा, त्र्याऐंशी माझे आहेत म्हणून."

त्यांनी ग्रुप उघडला, परत बंद केला. मग म्हणाले, "अच्छा. राहू दे किल्ली."

"आणि ते ॲप काढा. हळदीकुंकवालाच गेले होते ना मी? तरी तुम्ही दारोदार माझ्या मागे उभे होतात असं वाटलं. मला नाही आवडलं ते."

पाच मिनिटं ते त्र्याऐंशीकडे बघत राहिले. मला खरंच दया आली, पण थोडीच. शेवटी त्यांनी ॲप काढलं.

गाडीच्या कंपनीला अजून सगळं कळत असेल. पण कंपनी संध्याकाळी घरी येऊन तोंड फुगवून बसत नाही.

आता सत्यजितरावांना तोंडाने विचारावं लागतं, "आज कुठे गेली होतीस?" पद्माताई सांगतात. कधी कधी खरंही सांगतात.