समासातलं भांडण

माझी धाकटी कुणाशी तरी सहमत झाली आहे, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

ती तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिते. सुट्टीत आली तेव्हा तिचं रोजच्या अभ्यासातलं जाडजूड पुस्तक इथेच विसरली. मूळ मजकूर माझ्या डोक्यावरून गेला, पण समासात तिने पेन्सिलीने लिहिलेलं सगळं कळलं. पहिल्या प्रकरणात ती लेखकाला 'अहो' म्हणते. तिसऱ्यात 'अरे, मागच्या पानावर उलटं म्हणालास ना?' पाचव्यात सरळ 'गप बस, थापाड्या!' थोरल्या भावाशी भांडते, अगदी तशीच. मी एकटीच हसत बसले.

सहाव्यापासून मात्र पानोपानी एकच शब्द: 'बरोबर.' तोही फिका. ही मुलगी दुधाचे दात होते तेव्हापासून कुणाला बरोबर म्हणालेली नाही. तिने हाय खाल्ली असणार.

"अगं, दमली असेल," हे म्हणाले.

"दमली की ती जास्तच भांडते," मी म्हटलं.

आता फोन लावते आणि सांगते, तुझं पुस्तक रद्दीत गेलं. ओरडली, तर मी निवांत झोपेन. 'बरं केलंस' म्हणाली, तर सकाळच्या पहिल्या गाडीने निघेन.