चवलीअण्णांची काळी चांदी

नाणं बघताना चवलीअण्णा श्वास रोखायचे. खरंच रोखायचे. चष्मा कपाळावर, भिंग डाव्या हातात, उजव्या हाताच्या दोन नखांत शर्टाच्या बटणाएवढी चवली, आणि तोंड असं गच्च मिटलेलं की जणू विहिरीत सूर मारलाय. तोंडाची वाफ चांदीला लागती, असं त्यांचं म्हणणं. नाणं जरा जास्तच आवडलं की मानेच्या शिरा फुगायच्या. मग त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आतनं ओरडायच्या, "अवो, श्वास घ्या! तुमच्या जिवावर कुंकू लावती मी!"

अण्णांचं खरं नाव गावात फक्त पोस्टमनला माहीत होतं. सोसायटीत ते कारकून. समोर खताच्या पोत्यासाठी रांग लागलेली असायची आणि अण्णा रांगेतल्या म्हातारीला विचारत असायचे, "आक्का, घरात जुनी चवली-पावली हाय का? देवापाशी बघा, कणगीत बघा." चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार. रुपयाला अण्णा विचारायचे नाहीत. "रुपया कुणीबी जपतं रं," म्हणायचे. "चवली गरिबाच्या हातातनं फिरलेली असती. तिनं बाजार बघितलेला असतो."

निजामाच्या राज्यात ते उर्दूत शिकले होते. त्यामुळं हाली नाण्यावरचं साल ते असं घडाघडा वाचायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे त्या टांकसाळीतच जन्मले. आमच्याकडं निजामाची हाली चालायची आणि तिकडं सोलापुरात इंग्रजांची कलदार. "सोलापूरला शिनेमा बघायचा तर आधी पैसा बदलायचा, मग कपडे," अण्णा सांगायचे. हालीवर चारमिनार, कलदारवर राजाचं मुंडकं. चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर असतं आणि गादीवरचा निजाम बदलला की ते अक्षर बदलतं, हे आम्हा पोरांना त्यांनीच दाखवलं. "बिलकुल दारात बघायचं. घर कुणाचं, ते दारावरच लिवलेलं असतंय."

पण हात लावायचा नाही. आणि धुवायचं तर नावच काढायचं नाही. नाण्यावर चढलेला काळपटपणा म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. "ह्यो मळ न्हाय, ह्ये वय हाय तिचं! बाईचं वय आन् चांदीचं वय, दोनी खरवडू नये!" एकदा एकानं नवी मिळालेली पावली धोतराच्या सोग्याला पुसली, तर अण्णा अक्षरशः किंचाळले, "आंघूळ घालू नगा तिला! मरंल ती!"

ही माझी गणपतीतली सगळ्यात गाजलेली नक्कल. मी तेव्हा कॉलेजात नापास व्हायच्या तयारीत होतो आणि नकला हा माझा मुख्य विषय होता. मी चष्मा कपाळावर नेला, गाल फुगवले आणि "आंघूळ घालू नगा!" म्हणून किंचाळलो की मांडव डोक्यावर. अण्णा पुढच्याच रांगेत असायचे. हसून हसून डोळे पुसायचे आणि नंतर मला बाजूला घेऊन सांगायचे, "भिंग डाव्या हातात धर रं, गाढवा. नक्कल करायची तर नीट कर."

बहात्तरच्या दुष्काळात घराघरातली चांदी सोनाराकडं गेली. वाळे गेले, कडी गेली, देवापुढची नाणी गेली. अण्णा सोसायटी सुटली की सोनाराच्या पायरीवर जाऊन बसायचे. वितळायला मुशीत जायच्या आधी एखादी बरी चवली दिसली की तिच्या वजनाची दुसरी चांदी द्यायची आणि ती सोडवायची. अशानं त्यांचा स्वतःचा चांदीचा करदोडा कडी-कडीनं संपला. सोनार विचारायचा, "अण्णा, आता चड्डी कशाच्या आधारावर?" अण्णा म्हणायचे, "इमानावर."

त्याच पायरीवर त्यांना ती चवली मिळाली. हालीच, पण कमानीतलं अक्षर दोनदा उमटलेलं, एकावर एक किंचित सरकून. टांकसाळीतली चूक. अण्णांनी त्या दिवशी इतका वेळ श्वास रोखला की सोनारानं पाण्याचा तांब्या आणला. सोलापूरला एक प्रोफेसर होते, नाण्यातले मोठे जाणकार. त्यांच्याकडं अण्णांनी पत्रांचा सपाटा लावला. शेवटी उत्तर आलं. नवरात्रात तुळजापूरला दर्शनाला येणार आहोत, तेव्हा तुमच्याकडं येऊन नाणं बघतो, खरं निघालं तर सोलापूरच्या प्रदर्शनात तुमच्या नावानं मांडू. तुमच्या नावानं! अण्णांनी हे बसस्टँडवरच्या हमालाला सुद्धा सांगितलं.

तोवर दुष्काळ सरला होता. पाऊस झाला, आड भरले, अडलेली लग्नं उरकली. अण्णांच्या पोराचं, वसंताचंही झालं. वसंता माझ्या वर्गातला, साखर कारखान्यावर लागलेला. बायको सोनारी गावची, हसरी, कामाला वाघीण. दोन नवरात्रं घरात पाणीच नव्हतं, त्यामुळं त्या वर्षी गावातल्या बायका धुण्यावर तुटून पडल्या. काकू घरातल्या वाकळा घेऊन ओढ्याला गेल्या आणि जाताना सुनेला सांगून गेल्या, "देवघरातलं चांदी-पितळ समदं घासून ठिव गं."

अण्णांचा नाण्यांचा डबा देवघरातच होता.

प्रोफेसर दुसऱ्या दिवशी यायचे होते म्हणून मी आणि अण्णा सोसायटीतनं दोन खुर्च्या घेऊन घरी आलो. वहिनी ताट घेऊन दारात उभ्या. ताटात चवल्या, पावल्या, सगळं असं लखलखत होतं की मला डोळे बारीक करावे लागले. "मामंजी, बघा की! लईच काळी पडली हुती. चिंचंनं निघंना, मग रांगोळीनं घासली. दुपारपस्नं त्येच करायलीया."

माझं तोंड उघडलं होतं. नक्कल जिभेवर आली होती. अण्णांनी खुर्चीचा पाय माझ्या पायावर ठेवला आणि वरनं जोर दिला. मग त्यांनी ती दोन अक्षरांची चवली उचलली, कमानीत बघितलं. तिथं आता ना दोन अक्षरं होती ना एक. श्वास रोखायचं ते विसरलेच होते. नाण्यावर चांगली वाफ धरली.

"झ्याक," म्हणाले. "लई झ्याक, पोरी."

रात्रीपर्यंत थांबायचं मला जमलं नाही. आडावर पाय धुवायच्या निमित्तानं मी त्यांना गाठलं. "अण्णा, सांगा तरी तिला."

"काय सांगू? घरात आल्यापास्नं आज पयल्यांदा तिनं पदरचं कायतरी केलं. सासूनं घास म्हणलं, रांगोळी तिची तिनं शोधली. आज तोंड पाडलं तर उद्यापस्नं ती इचारून पाणी पियील." मग माझ्याकडं बोट केलं. "आन् तू. तुझी ती नक्कल बंद. तिच्या कानावर गेली तर तंगडं मोडीन."

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर आले. कपाळाला देवीचं कुंकू, खिशात परदेशी भिंग. चवली हातात घेतली आणि चेहरा आंबट झाला. "हे कुणी केलं?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच होत्या.

"म्या केलं," अण्णा म्हणाले. "सणासुदीचं काळं बरं दिसंना."

"तुम्ही? अहो, नाणं धुवायचं नसतं हे शेंबडं पोर सुद्धा सांगेल! यावर काही होतं म्हणता, ते आता मी कशावरून मानायचं? मला वाटलं होतं, तुम्हाला यातलं काही कळतं."

"हौस हो, सायब. कळतंय कुठं. च्या घ्या."

मी आयुष्यात इतकी हुबेहूब अडाण्याची नक्कल बघितली नाही. खांदे पाडलेले, हात जोडलेले, हसू ओशाळं. प्रोफेसरांनी अर्धा चहा ठेवला आणि गेले. वहिनींनी विचारलं, "मामंजी, सायब का हो रागावले?" अण्णा म्हणाले, "त्येंच्या डोळ्याला तरास हाय गं. लखलखीत बघवत न्हाय त्येंना."

पुढची गंमत अण्णांच्या लक्षात आली नव्हती. कौतुक झालं म्हटल्यावर वहिनी दर नवरात्राला नाणी घासायला लागल्या. जास्त जोरात. अण्णा त्या दिवशी रजा टाकून तुळजापूरची एसटी धरायचे. गाव म्हणायचं, म्हातारपणी अण्णा देवीचे झाले. काकू पदराआड हसायच्या. मी गणपतीत प्रोफेसरांची नक्कल सुरू केली, ती कधीच तेवढी जमली नाही.

अण्णा गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. पोचायला उशीर झाला. पुढं एका नवरात्रात गावी आलो तर वसंताकडं गेलो. ओसरीवर वहिनी आणि त्यांची थोरली पोरगी बसलेल्या, मधे ताट. मी एक चवली उचलली. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, चांदीची टिकलीच. राजाचं मुंडकं होतं की चारमिनार, काही सांगता येईना.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्याच्यावर आधी कायतरी चित्र हुतं न्हाय का हो?"

"हुतं की."

"मग गेलं कुठं?"

मी ती चवली परत ताटात ठेवली. "जुनी नाणी, वैनी. झिजत्यात."

"मामंजी बी त्येच म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि रांगोळीची वाटी पोरीकडं सरकवली.