सव्वीस जानेवारीची कुस्ती

वडनेर भोलजीच्या उकंडरावांना प्रश्न विचारायची खोड होती. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला गाव विचारून त्यांचे समाधान होत नसे. त्याच्या गावात वरणाला फोडणी लसणाची देतात की हिंगाची, इथपर्यंत चौकशी जाई. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर हे म्हणाले, "तुमाले आतलं काय आयकू येते? मलेही आयकवा न." डॉक्टर हसले आणि नळीची टोके खरोखरच त्यांच्या कानात घातली. पुढे कितीतरी दिवस हे गृहस्थ गावभर स्वतःच्या काळजाच्या ठोक्यांची नक्कल करून दाखवत होते.

तरुणपणी ते पैलवान होते. फार मोठे नव्हेत, पण आसपासच्या जत्रांतून नाव होते. त्यांची खरी ख्याती मात्र जोड लावण्यात. कुस्त्यांच्या दंगलीत कोणी कोणाशी लढायचे हे ठरवायला एक जाणता माणूस लागतो. तो दोघांचे हात आपल्या हातात घेतो, खांदे चाचपतो, आणि जोड बरोबरीची आहे की नाही ते सांगतो. उकंडरावांनी लावलेल्या जोडीवर सहसा कोणी हरकत घेत नसे. पुढे गुडघे गेले, त्यांनी आखाडा सोडला, आणि हळूहळू आखाड्यानेही गाव सोडले. कुस्ती खेळणारी राहिली ती एकटी नात, वैष्णवी. ही पोर शाळा सुटल्यावर नांदुऱ्याला कुस्ती शिकायला जाई आणि घरी आली की आजोबांचे मनगट धरून नवा डाव करून दाखवी.

हे सगळे तिची आई, उकंडरावांची सून पूनम, पाठ फिरवून ऐकत असे. पूनम अंगणवाडीत मदतनीस. मुलगी कुस्ती खेळते याला तिची ना नव्हती. डबा करून देई, घामाचे कपडे धुई. पण बघायला ती एकदाही गेली नव्हती. "मामाजी, पोटच्या पोरीले कोणी आपटते ते उभं राहून पाहू? मले नाही जमत," असे तिचे ठरलेले उत्तर.  पण वैष्णवी कुठूनही खेळून आली की पहिल्यांदा आईकडे बघे, हे उकंडरावांच्या नजरेतून सुटले नव्हते.

यंदा सरपंच किसनरावांनी डोके लढवले. "पैलवान, सव्वीस जानेवारीले झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणातच पोरींची एक कुस्ती लावू. माती तुम्ही करा, जोड तुम्ही लावा. आपली वैष्णवी हायेच."

उकंडरावांच्या मनात पहिल्यांदा आली ती पूनम. त्या दिवशी मुलांना बुंदी वाटायचे काम तिच्याकडे असते. पटांगण सोडून ती जाईल कुठे? पोरीची कुस्ती तिला बघावीच लागेल. म्हातारा मनातून हरखला. पण खोड ती खोड. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच प्रश्न काढला.

"काय रे, झेंड्याच्या दिवशी कुस्ती शोभते काय?"

"न शोभाले काय झालं?" टपरीवाला म्हणाला. "तिकडं दिल्लीत तोफा काढतात, रणगाडे काढतात. मंग कुस्तीनंच काय घोडं मारलं?"

"तोफ दाखवतात बे, डागत नाहीत कोणावर. आपण तर खरंच पाडू."

"मंग पाडू नका. नुसते लंगोट दाखवा!" कोणीतरी मागून म्हणाले, आणि सगळी टपरी हसली. उकंडरावही हसले, पण प्रश्न तिथेच राहिला. तो घेऊन ते शाळेत गेले.

मुख्याध्यापिका धम्मशीलाबाई खडू झटकत वर्गाबाहेर आल्या. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की गुळमुळीत नसे.

"काका, मला नाही पटलेलं. त्या दिवशी मी मुलांकडून संविधानाची उद्देशिका वाचून घेते. तोंडाने बंधुता म्हणायचं आणि लगेच एकीने दुसरीला पाडलं की टाळ्या वाजवायच्या?"

"मॅडम, पाडलेल्याले उचलाले पाडणाराच पयला वाकते. तुमी कधी पाह्यली नाही काय कुस्ती?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या गावच्या जत्रेत दंगल व्हायची. माझा मोठा भाऊ, प्रसेनजित, अंगाने चांगला होता. लंगोट बांधून जायचा आणि तसाच परत यायचा. त्याची जोडच लागायची नाही."

"काऊन?"

"जोड लावायला हात हातात घ्यावा लागतो ना, काका."

उकंडरावांनी आपल्या हातांकडे पाहिले. 

"झेंड्याखाली कोणाची जोड लावावी लागत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "सगळे एका रांगेत. म्हणून मला तो कार्यक्रम तसाच आवडतो."

म्हातारा म्हणाला, "मंग मॅडम, कुस्ती सरकारी झाली तर बरंच न? जत्रा ज्याची त्याची असते. सरकारच्या पटांगणात कोणाले नाही म्हनता येत नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात आला नव्हता, हे त्यांनी लपवले नाही. "तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या. "पण सरपंचांसाठी नाही आणि नातीसाठीही नाही. शोभतं असं तुम्हाला मनापासून वाटलं तर मी आडवी येणार नाही."

आता आली पंचाईत. नातीसाठी नाही म्हणजे कसे?

पटांगण सगळे मुरमाचे, दगडासारखे. मऊ जागा तेवढी ध्वजस्तंभाभोवतीच्या बागेची. उकंडरावांनी तीच खणली. नदीकाठची माती आणून चाळली, तिच्यात ताक, हळद आणि तेल घालून पायाने कालवली. आदल्या दिवशी दुपारी माती अशी झाली, की मूठ वळावी आणि बोट लावताच फुटावी. तेवढ्यात झेंड्याची दोरी तपासायला ठाण्याचे जमादार आले आणि तडक बूट घालून मातीत शिरले.

"जोडे! ओ साहेब, जोडे काढा!" उकंडराव ओरडले.

जमादार एक पाय उचलून तसेच उभे राहिले. "बाबा, मी दोरी पाहून राह्यलो."

"पाहा न! पण आखाड्याच्या मातीत जोडे घालून येत नसतात."

"अन् उद्या? उद्या मी सलामी देणार. वर्दीत अनवाणी सलामी नसते."

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे कोणीच हलेना. मुले खिदळू लागली. उकंडराव मात्र जवळ गेले. राग कुठल्या कुठे गेला होता. चेहऱ्यावर ती नेहमीची उत्सुकता.

"काऊन पण? अनवाणी सलाम केला तर झेंड्याचा अपमान होते काय?"

जमादारांनी विचार केला. "अपमान नाही होत. पण वर्दी अर्धी राह्यते. पुऱ्या वर्दीत मी म्हणजे सरकार. बूट काढले का मग मी नुसता मीच."

"हे पाहा!" म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला. "अन् इथं उलटं हाय. मातीत यायचं तर आपण कोण, कोणाचे, ते कपड्यासंगं बाहेर ठेवून यावं लागते. नुसतं आपलं आंग आणावं."

त्यांनी एकदा मातीकडे, एकदा स्तंभाकडे पाहिले. मग फावडे उचलून त्यांनी पहिले टोपले भरले.

किसनराव धावत आले. "पैलवान, हे काय करून राह्यले? पत्रिका वाटल्या!"

"वाटल्या तर वाटल्या. कुस्ती होईन. पण झेंड्याचं झाल्यावर, फाटकाबाहेर, बाजाराच्या जागेत. झेंड्याचा अन् मातीचा, दोघायचाही मान ऱ्हायला पायजे. एकमेकाच्या अंगावर नको."

माती वाहून न्यायला वैष्णवी होतीच. शेवटच्या टोपल्याला तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आबा, आई फाटकाबाहेर नाही येणार. तुमाले मालूम होतं."

"मालूम होतं," उकंडराव म्हणाले. 

सकाळी झेंडा चढला. जमादारांनी पुऱ्या वर्दीत कडक सलामी दिली, मुलांनी उद्देशिका वाचली. शेवटी धम्मशीलाबाईंनी माईकवरून सांगितले, की शाळेचा कार्यक्रम संपलेला नाही, त्याचा उरलेला भाग बाजाराच्या जागेत होईल आणि सर्वांनी यावे. 'सर्वांनी' हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या. पूनम खाली मान घालून बुंदी वाटत होती.

जळगाव जामोदहून मनाली नावाची मुलगी आली होती. उकंडरावांनी विचारले, "पोरी, हात पाहू काय तुहा?" आणि दोघींचे हात आपल्या हातांत घेतले. जोड बरोबरीची होती. पोरींनी चिमूटभर माती एकमेकींच्या तळहातांवर ठेवली आणि हलगी वाजू लागली.

म्हाताऱ्याचे लक्ष मातीत नव्हते, फाटकाकडे होते. वैष्णवीने मनालीचे पाय ओढून पट काढला तेव्हा तिथे कोणी नव्हते. ती मनालीवर चढली तेव्हा धम्मशीलाबाई दिसल्या, आणि त्यांच्यामागे रिकामे पातेले कमरेवर घेतलेली पूनम.

"मीही कधी पाहिली नाही, पूनम," बाई तिला म्हणत होत्या. "एकटीला कसंसंच वाटतं. तू उभी राहा माझ्याजवळ."

त्या पोचतात तोच मनालीने हात सोडवून डाव उलटवला आणि वैष्णवी पाठीवर आदळली. पूनमने डोळे मिटले नाहीत. तिने बाईंचा दंड धरला, तो इतका, की बाई कळवळल्या. मनालीने वाकून वैष्णवीला उठवले. दोघी हसत होत्या.

"मामाजी, हरली न हे?" पूनमने विचारले.

"हरली."

"मंग हासून काऊन राह्यली?"

"मले काय इचारतं? तिले इचार."

वैष्णवी धापा टाकत समोर येऊन उभी राहिली.  पूनमने पदराने तिची हनुवटी पुसली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आमी आलो तवा तर तूच तिच्यावर होती. मंग हात कसा सुटला तुहा?"

वैष्णवीने आईच्या कमरेवरचे पातेले काढून आजोबांच्या हातात दिले आणि आईचे मनगट धरले. "असा. पाह्य, मी इथं पकडलं होतं. आता तू सोडव."

पूनमने आधी इकडे तिकडे बघितले. मग हिसका दिला.