नावेवर मावशीची देखरेख

सरकारनं ज्यांना ज्यांना कशावर तरी देखरेख ठेवायला नेमलं, त्या सगळ्यांत ते काम खरोखर मनावर घेणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि ती म्हणजे आमच्या हिची थोरली मावशी. बाकीचे लोक सह्या करतात, चहा पितात आणि घरी जातात. मावशी देखरेख ठेवायची म्हणजे अक्षरशः डोळे लावून ठेवायची. तिनं रोखून बघितलं की दुधात पाणी घालणाऱ्याचा हात मधेच थांबायचा, लग्नातला आचारी मिठाचा डबा परत झाकून ठेवायचा, आणि एस.टी.त मागच्या बाकावर ती बसली आहे हे ड्रायव्हरला ठाऊक नसलं तरी वळणावर त्याचा हात आपोआप हॉर्नवर जायचा, अशी तिच्या गावात तिची ख्याती होती.

मी तिच्या नजरेखालून गेलो तो लग्नाआधीच. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आम्ही मंडळी मुलगी बघायला गेलो होतो. रीतीप्रमाणे आमच्या आत्यानं मुलीला जरा चालून दाखवायला सांगितलं. ती चालली, बसली, आणि कोपऱ्यातून आवाज आला, “आता पावणं, तुमीबी जरा चालून दाखवा की.” सगळे हसले. मावशी हसली नाही. मग मी पुढच्या सोप्यातून मागच्या परड्याच्या दारापर्यंत चाललो आणि परत आलो. “डावा पाय जरा वडतोय,” ती माझ्या होणाऱ्या सासूला म्हणाली, “पन चालंल.” त्यानंतर आजतागायत मी आरशासमोरून जाताना डाव्या पायाकडं बघतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं झाली, केस गेले, तरी तिच्या लेखी मी पावणंच राहिलो.

तिचं माहेर कुरुंदवाडचं, व्यापारातलं, घरात निम्मं कन्नड बोलणारं. मावशी रागावली की मराठी सोडून कन्नडमध्ये जायची आणि राग उतरला की परत यायची. सासर मात्र कृष्णेच्या दुसऱ्या काठावरच्या एका लहानशा गावात. दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं कुरुंदवाडात, आणि मधे नदी. पुलावरून जायचं तर मोठा वळसा. म्हणून सरकारी अनुदानावर चालणारी एक इंजिनाची नाव होती आणि ती चालवणारा दत्तू नावाडी होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी हुकूम निघाला, की अशा नावेवर देखरेख ठेवायला गावकऱ्यांची समिती असावी आणि तीत एक तरी बाई असावी. पुढाऱ्यांनी मावशीचं नाव घातलं, कारण तिचं घर घाटाला लागून होतं आणि सहीसाठी कुणाला लांब जावं लागणार नव्हतं. पहिल्या बैठकीला कोल्हापूरच्या कचेरीतून साहेब आले. मऊ आवाजाचे, उन्हाळ्यातसुद्धा छत्री बाळगणारे गृहस्थ. मावशीनं त्यांना विचारलं, “साहेब, देखरेख म्हंजे नेमकं काय करायचं?” साहेब सहज म्हणाले, “विशेष काही नाही हो. नावेवर जरा लक्ष ठेवायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शेंगांनी भरलेलं सूप घेऊन नावेत जाऊन बसली. शेंगा फोडायच्या आणि लक्ष ठेवायचं. आठवड्याच्या आत दत्तूची विडी बंद झाली. मोटारसायकलवाले गाडीवरून उतरायला लागले. उभं राहून प्रवास करणारे बसायला लागले आणि शेळ्यांना वेगळा कोपरा मिळाला. कुणी कुरकुरलं तर मावशी म्हणायची, “मला साहेबानं सांगितलंय.” साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुढं कचेरीनं बुडणाऱ्याला टाकायच्या नव्या ट्यूबा पाठवल्या. त्या दिवाळीत आम्ही फराळाला गेलो होतो. मावशीनं ट्यूब दाबून बघितली, उलटी करून बघितली आणि म्हणाली, “मानूस बसल्याबिगर कळनार कसं?” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. जावई म्हणून दिवाळीला आलेला, रिकामा असा मीच होतो. “पावणं कोल्हापूरचं हायत, रंकाळ्यात पवत आसतील,” तिनं परस्पर ठरवून टाकलं. मी रंकाळ्यावर भेळेच्या पुढं कधी गेलो नव्हतो, पण ते सांगेपर्यंत मी नव्या शर्टासकट पाण्यात होतो. दत्तूनं दोर धरला होता आणि हसत हसत तो सैल सोडत होता. ही काठावरून ओरडायला लागली. मावशी म्हणाली, “त्यांस्नी काय हुतंय? वजनानं हलकं हायत.” मग हाताचा कर्णा करून मला, “पावणं, ट्यूब सोडू नगा! सरकारी हाय!” मला वर काढल्यावर तिनं स्वतःच्या पदरानं आधी ट्यूब पुसली. मग मला.

दोन हजार साल उलटल्यावर कार्डाची योजना आली. नावेत एक मशीन बसणार, भाडं देणाऱ्या प्रत्येकाला फोटोचं कार्ड मिळणार, मशीनला कार्ड लावलं की टुईं वाजणार आणि कोणत्या फेरीला किती माणसं गेली ते सरकारला बसल्या जागी दिसणार. त्यावरून अनुदान. मशीन घेऊन आलेला तरुण इंजिनिअर घाटावर समजावून सांगत होता. पाणी उडालं तरी मशीनला काही होत नाही, असं त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मावशीनं हातातला तांब्या मशीनवर रिकामा केला. इंजिनिअरचा चेहरा पांढरा पडला. मशीन टुईं करून वाजलं. “खरं बोलतोय पोरगा,” मावशीनं गावाला सांगितलं, आणि त्या एका शिफारशीवर गावानं कार्डं घेतली.

गावाच्या भाषेतही भर पडली. कार्ड लावणं याला ‘वाजणं’ म्हणायला लागले. “वाजलास का?” असं दत्तू प्रत्येकाला विचारायचा. एका नवऱ्या मुलाचं कार्ड लग्नाला जाताना नेमकं वाजेना, मशीनचा तांबडा दिवा लागला, आणि अपशकुन झाला म्हणून वऱ्हाडातल्या बायका नावेतून उतरायला निघाल्या. मावशीनं कार्डावरची हळद पुसली, ते पुन्हा लावलं, मशीन वाजलं आणि वऱ्हाड पार झालं.

पण काही महिन्यांनी साहेब आले ते छत्री मिटायचंही विसरून. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. “सांजच्या फेरीला माणसंच नसतात, असं मशीनवरून दिसतंय,” साहेब म्हणाले. “वरून ती फेरी बंद करायला सांगितलंय. या महिनाअखेर.”

“न्हाइत कशी?” मावशी उभीच राहिली. “पाय ठिवाय जागा नसती की!”

दोन्ही खरं होतं. कॉलेजच्या पोरी, म्हातारी माणसं, पोटुशी बाई, दवाखान्यातून परतणारा आजारी, यांच्याकडून नावेचं भाडं घ्यायचं नाही, ही त्या घाटाची जुनी चाल. भाडं नाही म्हणून कार्ड नाही. आणि सांजच्या फेरीला बहुतेक तीच माणसं. मशीनच्या हिशेबी नाव रोज संध्याकाळी जवळजवळ रिकामी येत होती.

ती फेरी बंद होणं म्हणजे काय, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. पोरी कॉलेज सुटल्यावर घरी येणार कशा, म्हणून बाप त्यांना घरी बसवणार. तिची स्वतःची लेक अशीच सातवीनंतर घरी बसली होती. तेव्हा सांजची फेरी नव्हती.

त्या रविवारी ती आमच्याकडं शिवाजी पेठेत आली. एरवी ती आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन हिच्या पिठाचे डबे उघडून बघायची. त्या दिवशी पंख्याखाली नुसती बसली. “मशीन मीच घ्या म्हनून गावाला सांगितलं की, पावणं,” ती म्हणाली. दत्तूनं तिला एक उपाय सुचवला होता. तिनं रोज सांजला आपलंच कार्ड पुन्हा पुन्हा लावत राहायचं. कोण वाजलं, मशीनला काय कळतंय? मला तो उपाय वाईट वाटला नाही, आणि मी तसं म्हणालो.

मावशी माझ्याकडं बघत राहिली. “आज मी खोटं वाजलो,” ती म्हणाली, “आन् उद्या दत्तूनं ट्यूबेत हवा न्हाय भरली, तर त्येला कुठल्या तोंडानं बोलू?”

सोमवारी मी रजा काढून तिला कचेरीत घेऊन गेलो. साहेबांनी चहा मागवला. “मावशी, नाव भरलेली असते हे मी डोळ्यानं बघितलंय,” ते म्हणाले, “पण वर मी जात नाही, मशीनचा आकडा जातो.” मावशीनं चहाला हात लावला नाही. भांडायच्या तयारीनं आलेली ती बाई भांडलीही नाही. “साहेब, पोरी घरी बसतील ओ,” एवढंच म्हणाली. साहेबांनी आपलाही कप बाजूला ठेवला. मग जरा चाचरत म्हणाले, “फुकट जाणाऱ्यांनाही कार्ड दिलं तर? भाडं घ्यायचं नाही. पण माणूस दिसेल.”

“आसं हुतंय?”

“आजवर झालेलं नाही. विचारून बघतो.”

त्यांनी विचारलं, नुसतं विचारलं नाही तर पाठपुरावा केला, आणि परवानगी आली. अट एकच, की महिनाअखेरीच्या आत सगळ्यांची कार्डं व्हावीत.

मावशी घरोघर फिरली. पोरींचं सोपं होतं. म्हाताऱ्यांचं अवघड. ज्यांनी जन्मात फोटो काढला नव्हता अशा आज्या फोटोवाल्यासमोर डोळे मिटून बसायच्या. सगळ्यांत अडून बसला गणू तात्या. “माझ्या बानं ह्या घाटावर नाव वल्हवली,” तो गरजला, “आन् तू मला कारड दावतीस? नदी काय तुझी हाय?” मावशीचं मराठी सुटायला आलं होतं, पण तिनं ते धरून ठेवलं. त्याच्याजवळ उकिडवी बसून ती म्हणाली, “तात्या, कार्ड तुमच्यासाठी न्हाय. तुमच्या नातीसाठी हाय. तुमी वाजलासा तर ती सांच्याला घरी येती.” तात्यानं पटका मागवला आणि फोटोवाल्याला म्हणाला, “काढ.”

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो होतो. नाव सुटायला उशीर झाला, कारण एकेक जण येऊन वाजत होता. पोरी हसत वाजल्या, आज्या मशीनला नमस्कार करून वाजल्या, तात्या सगळ्यांत शेवटी आला आणि कार्ड लावून मशीनकडं असा बघत राहिला, की वाजलं नाहीस तर बघ. ते वाजलं. साहेब घाटावर छत्री उघडून उभे होते. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. मावशी त्यांना म्हणाली, “साहेब, चला की, पल्याड जाऊन चा घेऊ,” आणि मग सगळ्यांसमोर, “वाजा आधी.”

सांजची फेरी राहिली. पुढं समितीची मुदत संपली, नवी समिती आली, साहेब निवृत्त झाले. मावशीचे गुडघे गेले आणि घाटाच्या पायऱ्या उतरणं बंद झालं. आता ती सोप्यात खुर्ची टाकून बसते. परवा आम्ही गेलो तेव्हा अंधारून येत होतं. तिला ऐकूही कमी येतं. दूरवर इंजिन थांबलं ते मला कळलं, तिला कळलं नाही.

“पावणं,” ती म्हणाली, “नाव आली का बघा.”

मी उंबऱ्यापर्यंत गेलो. “आली, मावशी.”

“आन् पोरी?”

रस्त्यावरून पोरी येत होत्या, पाठीवर दप्तरं, मोठ्यानं बोलत, कुणाकडं न बघता. शेवटची पोरगी वळणाआड जाईपर्यंत मी थांबलो.

“आल्या सगळ्या.”

“मग लावा दार,” मावशी म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.