शेपूट घालणारी

ओव्हरलॉक मशीनला मागे जाता येत नाही. साध्या मशीनवर शिवण संपली की उलटी टीप मारून टोक पक्कं करता येतं. इथे कापड संपलं तरी दोरे एकमेकांत गुंफत राहतात आणि त्यांची साखळी शेपटीसारखी लोंबते. ती कापून टाकली की काम झाल्यासारखं दिसतं, पण दोनचार धुण्यांत शिवण त्याच टोकापासून उसवायला लागते. म्हणून मी सुरुवातीला दोन टाके घालून मशीनचा कापड दाबून धरणारा पाय उचलायचे, मागची शेपटी पुढे ओढून काठावर ठेवायचे आणि तिच्यावरूनच शिवत जायचे. शेवटाला कापड उलटं करून दोन बोटं परत शिवायचे. आईने असंच शिकवलं होतं. दुसरी पद्धत मला येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती.

मशीनही आईनेच दिलेलं. सातपूरच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही दोघी जावा गाऊन शिवायचो. धाकटीला ओव्हरलॉक मीच शिकवलं. आठवडाभरात ती शेपट्या कचाकच कापायला लागली. माझा एक गाऊन होईपर्यंत तिचे दोन व्हायचे. वर घरभर ओरडून सांगायची, “ताईंनी परत शेपूट घातलं बघा!” सगळे हसायचे. दीर कंपनीतून कितीही दमून आलेले असोत, एवढ्यापुरते हसायचेच. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

पुढे वेगळं राहायचं ठरलं. भांडी, कपाट, गाद्या, सगळं न कुरकुरता वाटून झालं. मशीनपाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “हे धाकटीला राहू दे. तिचा हात लय चालतो.”

“मशीन माझ्या आईने दिलंय,” मी म्हणाले.

“दिलं म्हंजे या घरालाच दिलं ना?”

आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेम्पोवाल्याला फोन लावत होता. घरात शेपूट घालणारं कोण आहे ते मी मग सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही. मशीन मात्र तिथेच राहिलं.

आम्ही अशोकनगरला दोन खोल्यांत आलो. आता मी साड्यांना फॉल लावते, ब्लाउजला हुक लावते, सगळं हाताने. धाकटीच्या ऑर्डरी वाढल्या असं येणारं-जाणारं कुणीतरी मुद्दाम सांगतं.

मध्यंतरी सासूबाई आल्या. पिशवीतून त्यांचा गाऊन काढला, धाकटीने शिवलेला. काखेत हात जाईल एवढा उसवला होता.

“एवढा शिवून दे गं.”

“घरच्या मशीनवर घ्यायचा की मारून.”

“तिला कुठं येळ हाय?”

नाही म्हणायचं होतं. पण म्हातारं माणूस दारात आलेलं, म्हणून सुईत दोरा ओवला. त्या शेजारी बसून बघत होत्या. बघता बघता कौतुकाने म्हणाल्या, “तुझं काम लय पक्कं. म्हणून तर मशीन तिला दिलं. तुझं सुईवरबी भागतं, तिचं नाय भागत.”

शिवण अर्ध्यावर आली होती. मी गाठ न मारताच दोरा तोडला आणि गाऊन त्यांच्या मांडीवर ठेवला.

“राहिलेलं माझ्या मशीनवर करून घ्या,” मी म्हणाले.